सात किलोंचे वजन

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मालनआत्यांस श्रावस्तीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून पत्र. उमरग्याच्या तुमच्या दवाखान्यातील घटनेचा अहवाल कंपनीने माझ्याकडेच सोपवला आहे. औषधाची मात्रा काढणारी प्रणाली मी लिहिली. तिच्या अचूकतेविषयी मला शंका नाही. रेवणसिद्धांच्या बाळाला झटक्यांचे औषध दुप्पट गेले, याचा अर्थ वजन भरताना तुम्ही चुकलात. तुमची परिचारिकेची नोकरी या अहवालावर आहे, हे जाणते. तरी नात्याची भीड ठेवणार नाही. राग नसावा.

आपली,
श्रावस्ती

उमरगा, ९ फेब्रुवारी

चि. श्रावस्तीस मालनआत्याचा जयभीम व आशीर्वाद.

अक्षर तुझ्या आजोबांसारखं, तोराही त्यांचाच. बाळ सोलापूरच्या इस्पितळातून घरी आलं. दूध पितं, पण हाक मारली की उशिरा वळतं.

वजन मी सातच भरलं होतं. पूर्वी लेकरू मांडीवर घेऊन अंदाज वहीत लिहायची, मग काट्यावर ठेवून तेही शेजारी लिहायची आणि मात्रा स्वतः मोजायची. शिकवायला आलीस तेव्हा सगळ्यांदेखत बजावलंस, की मांडी म्हणजे काटा नव्हे, संगणकाचा पडदा सांगेल तेच द्यायचं. आमची पोरगी लई हुशार, म्हणून मात्रा मोजणं सोडलं. वही तेवढी चालू ठेवली. ती सोबत पाठवते. दुसऱ्या मात्रेला उचललं तर लेकरू लुळं. तेव्हा तुझा पडदा बाजूला सारला, ती मात्रा दिलीच नाही आणि लेकराला सोलापूरला धाडलं.

औषध माझ्या हातानं गेलं, हे रेवणसिद्धाच्या घरी सांगून आले. दर रविवारी जाते. तुला पटेल ते लिही. जेवत जा.

तुझी,
आत्या

पुणे, १७ फेब्रुवारी

ती. आत्या, सविनय जयभीम.

वही वाचली. चारशे बारा बालके. तुमची मांडी आणि काटा यांत कुठेही पाव किलोहून अधिक अंतर नाही. बसून वाचण्याची हिंमत झाली नाही, उभ्यानेच वाचली. त्या दिवशी आधीचे मूल चौदा किलोंचे, हे सातचे. तिथेच उलगडले: पडद्यावर आधीच्या मुलाचे पान उघडे राहिले, तर माझी प्रणाली जुन्याच वजनावर मात्रा काढते. हे मी कधी तपासलेच नव्हते. ती सर्वत्र बंद करवली आहे.

अहवालासाठी साहेबांनी ‘तांत्रिक त्रुटी’ हा शब्द सुचवला. तो खोडून मी माझे नाव लिहिले.

रविवारी येते. मला त्यांच्या घरी न्या, सांगेन मीच. त्यांनी दिले, तर बाळ क्षणभर माझ्या मांडीवर ठेवा. सात किलो म्हणजे किती, हे मला ठाऊक नाही.

लोभ असावा, असे या खेपेस लिहवत नाही.

तुमची,
श्रावस्ती