निळ्या कोटाला काळा धागा

प्रिय ताई,

तुझ्या पाया पडायला इतक्या लांबून वाकलो, असं समज.

मी मजेत आहे. डोळ्यांचं लेझर झालं. फारसं दुखलं नाही, नुसता लखलखाट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हल्ली बऱ्याच जणांना आधी डोळ्यात इंजेक्शनं देतात, लेझर लागलंच तर मागाहून. मी उशिरा गेलो, म्हणून मला दोन्ही. साखरेने नेलेली नजर काही परत येणार नाही. उरलेली राहिली तर राहिली.

दुकानात रफूचं काम आता मालक स्वतःच करतात. मी एका गिऱ्हाइकाच्या गडद निळ्या कोटाला काळ्या धाग्याने रफू केलं आणि वर ऐटीत विचारलं, "ओळखा बघू, कुठे फाटला होता?" मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आता मी बटणं लावतो. त्यांची भोकं बोटांना कळतात.

तुझी साखर किती आहे? ‘मला स्वच्छ दिसतंय’ हे मला सांगू नकोस, मीही सगळ्यांना तेच सांगत होतो. भावोजींना सोबत घे आणि डोळे तपासून ये. थेंब घातल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं, घाबरू नकोस. तुझं ते धूसर चार-सहा तासांत जाईल.

तुझ्या नातवाचा फोटो मिळाला. दुकानात सगळ्यांना दाखवला. सगळे म्हणाले, गोड आहे. नाक कुणावर गेलंय ते मात्र तूच लिही, जरा मोठ्या अक्षरात.

तुझं शेंडेफळ