फिरदोसच्या दारातला बर्फ

१८ नोव्हेंबर, सोमवार
पुन्हा बर्फ! सूनबाईने व्हिडिओ पाठवला. कॅनडात मेन रोडपासून त्यांच्या घरापर्यंतची वाट— ही लांबच लांब! उझैरला बजावलं होतं, घर गावात घे. आईचं ऐकलं तर मुलगा कसला! शेतावरून वारा येतो नि काढलेला बर्फ परत वाटेवर आणून टाकतो. फिरदोसला आठवा महिना. ऐन वेळी ॲम्ब्युलन्स दारात येणार कशी? उझैर ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर.
आमचा व्हिसा अजून लटकलेला. म्हटलं, बर्फ उडवायचं मशीन तरी आपण घेऊन देऊ.

१९ नोव्हेंबर
हे दुबईत अल क्वोजला परेशभाईंच्या मशिनरीच्या दुकानात विचारून आले. ते म्हणे, "हबीबी, इथे बर्फ फक्त ग्लासात!" हसा मेल्यांनो.

२२ नोव्हेंबर
मोबाईलमध्ये बघून बघून डोळे गेले. हलकं मशीन ढिगात घुसत नाही. भारी ढीग फोडतं, पण वळवायला अंगात रग लागते. यातलं बरोबर कुठलं, अजमानच्या फ्लॅटमध्ये एसी लावून मी कसं ठरवू?
फिरदोस म्हणते, "अम्मी, हलकंच बघा. मला ओढता येईल असं." तुला कशाला ओढायचंय बाई, पोटुशी तू! उझैर काढील. सहा फुटी गडी आहे.

२३ नोव्हेंबर
उझैरला फोन लावला. उचलला नाही. मग व्हॉइस नोट— "रस्त्यात आहे अम्मी. तुम्हीच ठरवा." अगदी बापावर गेलाय! तेव्हा हे इथे, मी रत्नागिरीला, दोन वर्षांनी एकदा तोंड दिसायचं. आमच्यात नवरा घरी नसला तर कुणी विचारतही नाही.

२६ नोव्हेंबर
दिली ऑर्डर! सगळ्यात दणकट. हँडल उंच, उझैरला वाकायला नको. यांनी कुरकुर न करता कार्ड काढून दिलं. फिरदोस म्हणाली, "ठीक आहे अम्मी." एवढंच. हल्लीच्या मुलींना आनंद म्हणून होत नाही.

१ डिसेंबर
तिकडे वादळ. दोघांचेही फोन लागत नाहीत. नमाजात लक्ष नाही.

३ डिसेंबर
मशीन पोचलं, अल्हम्दुलिल्ला! पण फिरदोसचा फोन धापा टाकत. मशीन सुरू झालं, वळेना, मधल्या ढिगात रुतून बसलं. मी ओरडलेच— तू का हात लावलास? उझैर येईल ना! ती म्हणाली, "मी नंतर बोलते."
पोटाला काही झालं असेल का? विचारायचं राहिलंच.

५ डिसेंबर
पोटातलं ठीक आहे. वाट तशीच बंद.
उझैर यायचा नाही. ऑक्टोबरपासून दुसऱ्या बाईबरोबर राहतो. फिरदोसने सांगितलं. रडली नाही. "अम्मी, तुम्ही त्याच्या उंचीचं मशीन शोधत होतात. कसं सांगणार?"