तांदळातलं नाव

अहो,

तुमची नाइट सुटून तुम्ही घरी पोचायच्या आत माझी महाळुंग्याची बस निघालेली असेल. मी कंपनीत कामाला लागलेय, आज पहिला दिवस आहे. आईंना मामांकडे जाते म्हणून सांगितलंय, त्यांच्यावर चिडू नका.

ओवीचा ताप पहाटे उतरलाय. तिला काहीतरी खायला घालून मगच औषध द्या. आज पाण्याचा दिवस आहे, झोपायच्या आधी पिंप भरून घ्या.

मागे विचारलं तेव्हा तुम्ही ताट सारून उठलात, म्हणून या वेळी विचारलं नाही. सोमवारी मुलाखतीला बसले होते. माझ्या आयटीआयच्या सर्टिफिकेटवरचं नाव घेऊन साहेबांनी दोनदा हाक मारली, आणि मी दुसरी कोण उठतेय ते बघत राहिले. लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठीने विजयश्री लिहिलंत, तेव्हा मीही हौसेने हसले होते. पण माहेरचं नाव कानावर पडून मला ओळखू येईना, याची फार भीती वाटली हो. आज पोरीचं निमित्त करून थांबले असते, तर परत कधी उठले नसते.

मोबाइल आत नेऊ देत नाहीत. ताप पुन्हा चढला तर गेटवर फोन करा, नंबर फ्रिजवर लावलाय. मी असेन तशी धावत येईन. फक्त सुवर्णा विचारा. विजयश्री म्हणालात, तर अशी इथे कुणी नाही म्हणून फोन ठेवून देतील.