पिल्सनरमधला मका

माय, गेल्या आठवड्यात कामावर सगळ्यांना मक्याचा वास आला आणि मला आला नाही. एवढंच झालं बघ. पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, ते मला माहीत आहे. मावशीचं पत्र आलं की तू ते माझ्या हातात द्यायचीस आणि कणसं सोलता सोलता म्हणायचीस, वाच, पण सावकाश वाच. आताही तसंच समज. तू सोलत बसली आहेस आणि मी वाचून दाखवतेय.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर तू मध्येच उठून जाशील. मी बिअर चाखते. व्हय, दारूच. रागवायचं तेवढं रागवून घे आणि मग पुढचं ऐक. तू गेलीस तेव्हा मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि पोरगी दवाखान्यात रक्त तपासणार असं तू रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला सांगायचीस. काही वर्षं तेच केलं. मग वाळूजच्या पुढं बिअर बनवणारी एक छोटी कंपनी निघाली, तिथं लॅबमध्ये लागले, आणि नाक तिखट आहे म्हणून मला चाखणाऱ्यांत घेतलं. तुझा जावई लोकांना सांगतो, आमच्या घरी बायको कामावर पिते. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. म्हैसमाळला निघालेली ती गाडी आठवते का? खुलताबादच्या वेशीखाली, चिंचेपाशी आपली कणसं उकडायची चूल. गाडीतून चार बाप्ये उतरले, डोळे लाल, एकानं तर सरळ पातेल्यात हात घालायला बघितला. मी तुझ्या मागं लपले. तू जागची हललीसुद्धा नाहीस. शांतपणे म्हणालीस, "आधी तोंड धुऊन या, मग कणीस मागा." आणि ते चौघं खरंच आपली कळशी घेऊन रस्त्याच्या कडेला चुळा भरत बसले. मला हसू आवरत नव्हतं. तू मात्र त्यांना कणसं देताना मीठ-तिखट दुसऱ्यांसारखंच चोळून दिलंस.

तर माय, चाखणं म्हणजे ढोसणं नव्हे. सकाळचा चहा उतरलेला असतो, जेवणाला अवकाश असतो, तेव्हा जीभ ताजी असते, म्हणून तीच वेळ. पांढऱ्या भिंतींची एक खोली आहे. तिथं गजरा माळून जायचं नाही, अत्तर नाही, वासाचं तेल नाही, तोंडात बडीशेपसुद्धा नाही. ग्लासांवर नुसते आकडे असतात. आत काय आहे ते चाखणाऱ्याला कुणी सांगत नाही, कारण एकदा कानावर पडलं की नाकालाही तेच येतं. आमची जी बिअर आहे तिला पिल्सनर म्हणतात. सगळ्यांत साधी. वाळलेल्या गव्हाच्या काडाचा रंग, आरपार दिसेल इतकी नितळ, वर पांढरा फेस, आणि घोट उतरल्यावर मागं मेथीच्या भाजीसारखा कडसरपणा. साधी आहे म्हणूनच अवघड. काळ्या, दाट बिअरमध्ये काही बिघडलं तर खपून जातं, हिच्यात काही म्हणता काही लपत नाही. उजेडापुढं धरून बघायची. फेस किती टिकतो ते बघायचं. ग्लासावर तळहात ठेवून जरा फिरवायचा, हात काढला की लगेच नाक न्यायचं, छोटे छोटे श्वास घ्यायचे. मग घोट, आणि तो गिळायचाच, कारण कडसरपणा घशाशी कळतो. मध्ये पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे. शेवटी कागदावर एकेका वासाच्या रकान्यात गुण लिहायचे.

त्यात एक रकाना मक्याचा असतो. जवाला मोड आणून, वाळवून, भरडून त्याचं गोड पाणी काढतात आणि उकळतात. उकळताना त्यातून उकडलेल्या मक्यासारखा वास निघतो. पिल्सनरसाठी जव फारसे भाजत नाहीत, म्हणून तिच्यात तो जास्त. खळखळून उकळलं आणि वाफ मोकळी जाऊ दिली तर वास तिच्याबरोबर निघून जातो. उकळी मंद पडली, वाफ कोंडली, तर तो आत राहतो. पिल्सनरमध्ये तो मोठा दोष धरतात. तू नेमकं उलटं करायचीस. पातेल्यावर ओलं पोतं दाबून ठेवायचीस, आणि घाटातून गाडीचा आवाज आला की त्याचा एक कोपरा उचलायचीस. वाफेचा लोट रस्त्यावर जायचा आणि गाडी थांबायची. तो वास तुझी पाटी होती, तुझी जाहिरात होती. नव्या लोकांना शिकवताना कितीदा हे माझ्या ओठावर आलं, पण दोषाचा धडा चाललेला असताना आईचं नाव कुठं काढायचं, म्हणून राहून गेलं.

गेल्या आठवड्यात पिल्सनरची नवी टाकी चाखायला होती. चाखायला आम्ही तिघं असतो. एक आमचे सर, म्हणजे बिअर बनवणारे, माझ्याहून वयानं लहान. एक लासूर स्टेशनची पोरगी, लॅबमध्ये नवी लागलेली. आणि मी. मी घोट घेतला आणि मला ती लई आवडली. मऊ, गोलसर, कुठं टोचत नाही. कागदावर लिहिलं, स्वच्छ आहे, दोष नाही. वर बोलूनही दाखवलं की यंदा इतकी चांगली उतरली नव्हती. पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. तिनं मक्याच्या रकान्यात मोठा आकडा लिहिला होता. सरांनीही. मी भडकले. पोरगी नवी आहे म्हणाले, आणि सर, तुम्हाला सर्दी झालीय म्हणाले. सरांनी जाऊन उकळीची नोंद बघितली, तर बॉयलरच्या वाफेचा दाब कमी पडून उकळी मंद राहिलेली निघाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं तीन ग्लास मांडले. दोन सारखे, एकात मक्याच्या वासाचे थेंब टाकलेले. वेगळा ओळखायचा. मी चुकले. पुन्हा मांडले, पुन्हा चुकले. मधूनच एखादा बरोबर यायचा, डोळे मिटून बोट ठेवलं तरी आला असता तसा. शिकताना मी मक्याच्या वासाचा अर्क हुंगला होता, पण तो नुसता भपकारा होता, बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा. बारीक वास मला कधी कळतच नव्हता, आणि आमची उकळी आजवर नीट होती म्हणून ते कधी उघडं पडलं नाही.

सर माणूस चांगला आहे. खोलीत दुसरं कुणी नाही असं बघून त्यांनी विचारलं, "मॅडम, लहानपणी तुम्ही मक्याच्या जवळपास राहिलात का?" मी म्हणाले, जवळपास नाही, मक्यातच राहिले. ते म्हणाले, होतं असं कधीकधी, ज्या वासात माणूस वाढतो तो त्याला वास वाटत नाही, नुसती हवा वाटते. बाकीच्या वासांना तुमचं नाक पहिल्यासारखंच चालेल, हा एक रकाना तेवढा सोडा. आता कागदावर मक्याच्या रकान्यात माझ्या नावापुढं आडवी रेघ असते. ती टाकी सांडपाण्यात सोडली. पाइपातून पिवळी धार जात होती, लासूरची पोरगी पदर नाकाला लावून उभी होती. मी तिच्या शेजारी उभी होते आणि मला नुसता बिअरचा आणि ओल्या सिमेंटचा वास येत होता.

काम गेलं नाही माझं. रडू आलं ते घरी येताना, कंपनीच्या बसमध्ये, शाळा आठवली तेव्हा. आठवीला तू मला मावशीकडं ठेवून शहरात, औरंगपुऱ्यातल्या शाळेत घातलंस. शनिवारी मी गावी यायची, दोन दिवस तुझ्याजवळ चुलीपाशी बसायची, आणि सोमवारी वर्गात पोरी बाकावरून सरकून बसायच्या. उकडलेलं कणीस आलं म्हणायच्या. मी बाहीला नाक लावून हुंगायची, तर काहीच नाही. मला वाटायचं, गावची आहे म्हणून मुद्दाम छळतात. एकीला खोटारडी म्हणाले आणि तिची वेणी ओढली. बाईंनी तुला बोलावून घेतलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि मी आशेनं तुझ्याकडं बघत असताना मलाच म्हणालीस, "खोटं नाय बोलत त्या पोरी. वास हाय. पण चोरीचा नाय." नंतर औरंगपुऱ्यातल्या गर्दीतून माझा हात धरून चालली आहेस, एका दुकानापुढं थांबतेस, मला चंदनाचा साबण घेऊन देतेस. स्वतःसाठी घेतला नाहीस. मला तेव्हा राग आला होता की तू माझी बाजू घेतली नाहीस. बसमध्ये बसल्या बसल्या कळलं, की त्या पोरी खरंच बोलत होत्या आणि तू मला ते नीट सांगितलं होतंस. तुला तरी येत होता का गं तो वास? का सगळ्या गावात आपल्या दोघींनाच येत नव्हता?

आणि मग दुसरं आठवलं, ते जास्त लागलं. तू दवाखान्यात होतीस, तापानं शुद्ध हरपलेली. मी तुझ्या गळ्याशी नाक नेलं, तर फिनेलचा आणि औषधांचा वास. मला वाटलं, यांनी माझी माय धुऊन काढली. तू गेल्यावर मावशीनं तुझं हिरवं लुगडं पेटीतून काढलं, तोंडाला लावलं आणि रडत म्हणाली, बघ, अजून कणसं उकडल्याचा वास येतोय. मी हुंगलं. काही नाही. मी नुसती मान हलवली. मला वाटलं, मावशीची माया आहे, तिला भास होतो. इतकी वर्षं मी ते लुगडं अधूनमधून काढते, हुंगते, आणि वास उडून गेला म्हणून घडी घालून ठेवते. उडून गेला नव्हताच कदाचित, माय. मलाच तू कधी आली नाहीस.

काल रविवार होता. तुझ्या नातीला मी दुपारी समोर बसवलं. कॉलेजात आहे ती आता, तुला तिनं फोटोतच बघितलंय. पेटीतून माझ्या दोन जुन्या सुती साड्या काढल्या आणि तुझं लुगडं. डांबरगोळ्यांचा वास तिन्हींना सारखाच. तिला डोळे मिटायला सांगितले. कशाला, ते सांगितलं नाही. मम्मी, हे काय नवीन खूळ, म्हणाली, पण बसली. एकेक कापड नाकापाशी नेलं. तुझ्या लुगड्यापाशी ती थांबली, पुन्हा हुंगलं. ही वेगळी आहे म्हणाली. मी आवाज सरळ ठेवून विचारलं, कसली वेगळी? "भुट्टे उकडतात ना, तसं काहीतरी. एकदम थोडं." मी घड्या उलटसुलट केल्या, पुन्हा नेल्या. तिनं पुन्हा तुझ्यावरच हात ठेवला. मग मी डोळे मिटून बसले आणि तिला मांडायला सांगितलं. मी लई वेळ हुंगलं, माय. तळहातानं झाकून हुंगलं, थोडं थोडं हुंगलं, शिकले होते ते सगळं केलं. शेवटी जिच्यावर बोट ठेवलं ती माझीच साडी निघाली. पोरगी हुशार आहे, चुकलीस म्हणाली नाही. तुझं लुगडं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेली. जिनं तुला कधी बघितलं नाही तिला तू येतेस. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, की कुणाला तरी येतेस.

हा कागद पेटीत लुगड्यातच ठेवणार होते, दुसरीकडं कुठं पाठवायचा? पण कागदाला शाईचा वास असतो, तो कापडाला लागेल. म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवते, तुझ्यापासून लांब.

एक सांगायचं राहिलं. टाकी सोडायच्या आधी त्यातून एक बाटली भरून मी पिशवीत घालून घरी आणली होती. तशी परवानगी नसते. घरी मी कधी घेत नाही, पण काल पोर चहा पिऊन मैत्रिणीकडं गेल्यावर उघडली. ग्लासावर तळहात ठेवला, फिरवला, काढला. मक्याचा वास काही आला नाही. नुसतं चिंचेखाली तुझ्या मागं बसल्यासारखं वाटलं. मी ती तळापर्यंत प्यायले, आणि तोंड न धुता तुझं लुगडं उशाला घेऊन झोपले.