गेरूचा हात

मंगळवार, दिवेलागणीला

साकोलीतला शर्टांचा जुना कारखाना आज पाडायला घेतला. बंद पडल्यावर तिथे धानाचं गोदाम होतं, मग नुसतंच कुलूप. माझी इंदू तिथे शर्टांना काजं करायची. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की सगळ्या बाया गेरूत हात बुडवून भिंतीवर उमटवायच्या. तिचा हात लगेच ओळखू येतो, करंगळी वाकडी.

ठेकेदाराला म्हटलं, "बाबू, तेवढी भिंत राहू दे ना."

"काहून जी आजोबा? भिंत का घरी नेता?"

"माह्या बुढीचा हात हाये तिथं. वारली ते."

तो भिंतीकडे वळला. मजुरांना म्हणाला, "हळू काढा रे तेवढं."

त्यांनी खरंच हळू काढलं. पण जुना गिलावा, सुटताच भुगा झाला. वाकड्या करंगळीचा तुकडा तेवढा राहिला.

रुमालात बांधून आणला. फोटोजवळ ठेवला, मग वाटलं पडेल. आता उशाशी आहे. सकाळी सून झाडेल. खडा समजून फेकला तर? तिला सांगून ठेवायला पाहिजे. पण कसं सांगू? ती या घरात आली तेव्हा इंदू नव्हती. तिने ती करंगळी पाहिलीच नाही.