हलगीवरचं रुखवत

वसमत,
मंगळवार

चि. विजयकुमार यास,

अक्काचा आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कसा आहे ते कळव. डॉक्टरांनी सांगितलेलं सोडून अजून वैदूचंच तेल लावत असशील तर कळवू नकोस.

तुझ्या सृष्टीचं लग्न डिसेंबरात आयर्लंडात आहे. "त्या लग्नाचा अन् माझा काही संबंध न्हाई," असं तू फोनवर सांगितलंस, ते मी ऐकलं. हे पत्र त्याबद्दल नाही, रुखवताबद्दल आहे. रुखवत मुलीकडच्या बायकांनी करायचं असतं आणि तिची आई गेल्यापासून मुलीकडची बाई म्हणजे मीच.

चकल्यांचा किल्ला विमानात टिकणार नाही, म्हणून तिकडच्या जुन्या केल्टिक साधूंसारखं एक पान रंगवायचं ठरवलं. हे साधू कातड्यावर पोथ्या लिहीत. पहिलं अक्षर अर्धं पान खातं, त्याच्याभोवती कुठेही न तुटणारी गाठ फिरते आणि गाठीत एखादं जनावर स्वतःचीच शेपटी चावत बसलेलं असतं (आपल्या भावकीसारखं). शिकवणी दर रविवारी फोनवर असते. शिकवणाऱ्या बाई तिकडच्याच. फार भराभर बोलायच्या; दोनदा समज दिली, आता सावकाश बोलतात. विकतचा रंग वापरायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. शाई हिरडा, गंजके खिळे आणि बाभळीचा डिंक यांची केली. कढई गेली, शाई उत्तम झाली.

कातडं औंढ्याच्या खेमाकडून घेतलं. तो हलग्या मढवतो. बकरीचं कातडं ताणून दे, एवढंच मी सांगितलं होतं. त्याने ते हलगीच्या गोल कड्यावर ताणून, शेकून, वाजवून आणलं. यावर लिहायचं आहे म्हटल्यावर तो कडं काढू नका, आवाज जाईल, असं बजावून गेला. (कडं काढलं तर कातडं आक्रसतं, तेव्हा त्याचं ऐकावंच लागलं.) मी हलगीवरच लिहिते. अनुस्वार दिला की वाजतो. शेजारच्या चतुराबाई दोनदा येऊन विचारून गेल्या, वरात कुणाची आहे.

पिवळ्या रंगासाठी तू पाठवलेली हळद घेतली. वसमतला हळदीचा तोटा नाही, पण नवरीला बापाच्या शेतातली लागावी, असं मला वाटलं. रंग भरण्याआधी कातड्याला खडूची पूड चोळायची असते. निवृत्तीनंतर खडूला शिवायचं नाही असं मी ठरवलेलं आहे, म्हणून चतुराबाईंचा पानाचा चुना वाळवून चोळला. मग सृष्टीचा 'सृ' छान पिवळा भरला आणि चहा ठेवायला गेले. परत येऊन बघते तर लालभडक.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. बत्तीस वर्षं हळदीचा कागद चुन्याच्या निवळीत बुडवून पोरांना लाल करून दाखवला. (हा भाग तुमच्या हट्टा गावात कुणाला वाचून दाखवू नकोस.)

मी ओल्या फडक्याने पुसत होते तेवढ्यात चतुराबाई आल्या. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. तंबाखू मळत म्हणाल्या, "बाई, हळदीला चुना लागला की कुंकूच व्हते. काहून पुसून राहिल्या? बापाच्या हळदीचं कुंकू झालं, म्हंजे लगीन लागलं. राहू द्या."

मी पुसायचं थांबवलं. तसंही जात नव्हतं.

बाकी ठीक. विहिरीच्या मोटारीवर रात्री एकटा जाऊ नकोस.

तुझी,
अक्का

ता.क. पानावर "यांची कन्या सृष्टी" असं लिहून झालं आहे. त्याच्या आधीची जागा कोरी ठेवली आहे. गैरहजर विद्यार्थ्याची हजेरी मी बत्तीस वर्षांत कधी लावली नाही, तुझीही लावणार नाही. रविवारी ये आणि स्वतःच्या हाताने नाव लिही. हात हलका ठेव, वाजतं.

ता.क. आणखी एक. येताना आधार कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला आण. पासपोर्टचा अर्ज मी भरून ठेवला आहे. हलगी टपालाने पाठवता येत नाही. कुणाला तरी मांडीवर घेऊन जावं लागेल.