पाच बिनधुराचे शनिवार

७ एप्रिल, मंगळवार
यंत्रांच्या पेट्या आल्या. बारा! बर्फ अजून गुडघाभर. एकटीनं घसरगाडीवर लादून संशोधन केंद्राच्या मनोऱ्यापर्यंत ओढल्या. पाहुणे शास्त्रज्ञ अठराला येणार. तोवर इथे मी आणि पाइनची झाडं. ती बोलत नाहीत, मीही नाही. छान जमतं आमचं.

८ एप्रिल, बुधवार
आउलिक्कीचा फोन. मोहिमेची प्रमुख ती, हेलसिंकीत बसून हुकूम सोडते. "ऐला, गेल्या वसंतात दर शनिवारी तळ्याकडून लाकडाचा धूर आला. सगळी मोजणी नासली. यंदाही तसंच झालं, तर केंद्र बंद होईल. मग मला सांगू नकोस."

एकोणीस वर्षं झाली मला इथे. केंद्र बंद झालं तर मी जाऊ कुठे?

झाडांच्या वासातून हवेत बारीक कण जन्मतात, वाढतात, पुढे त्यांच्यावरच ढग धरतात. ते मोजायचे तर हवा निव्वळ जंगलाची हवी. सकाळी जन्मलेले कण रात्रीपर्यंत वाढताना दिसायला हवेत — असा एक तरी अख्खा दिवस!

शनिवारचा धूर कुणाचा, हे सांगायला यंत्र कशाला? तायस्तोचा. तळ्याकाठचा माझा शेजारी. शेजारी म्हणजे पायी दहा मिनिटं, वय ब्याऐंशी, आणि शनिवारी लाकडं घालून सौना, म्हणजे वाफेनं न्हायची खोली, तापवल्याशिवाय ज्याचा आठवडा संपत नाही.

९ एप्रिल
तायस्तोकडे जाऊन आले. पहिला कप कॉफी संपेपर्यंत दोघंही गप्प, रीतीप्रमाणे. दुसऱ्या कपाला सांगून टाकलं — अठरापासून पाच शनिवार सौना तापवू नका.
"एवढी यंत्रं आणून झाडांचा घाम मोजता?"
"तसंच समजा."
"आणि माझा घाम तुम्हाला नडतो!"
म्हटलं, केंद्रावर या, तिथे विजेची सौना आहे.
"विजेची? पाव भाजायला बरी ती."
मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लेम्पी गेली त्या शनिवारीसुद्धा तापवली होती. बायकोच्या वाटचं पाणी मीच तापल्या दगडांवर ओतलं." शेवटी म्हणाला, "बरं. पाच."
निघताना वेलदोड्याचे दोन पाव पिशवीत कोंबले. मला साधं आभार मानायलाही जमलं नाही. माझं हे असंच.

१८ एप्रिल, शनिवार
पाहुणे आले, नऊ जण. नियम वाचून दाखवले — शेकोटी नाही, सॉसेज भाजणं नाही, लाकडांची सौना नाही. फलक मीच रंगवला, लाल अक्षरांत. संध्याकाळी सगळे विजेच्या सौनेत खिदळत होते. मी तक्ते भरत बसले. रात्री केंद्रातच बाकावर आडवी झाले. तळ्याकडून धूर नाही. म्हातारा शब्दाचा पक्का!

२१ एप्रिल
ढग. काही नाही.

२५ एप्रिल, शनिवार
काय दिवस! निरभ्र, कडक थंडी. दहाच्या सुमाराला कण उठले आणि वाढत गेले. पडद्यावर त्यांची रेघ वर वळते, केळ्यासारखी दिसते. सगळे ओरडले, "केळं! केळं!" एकमेकांना मिठ्या मारल्या. मी दाराशी उभी होते, माझ्यापर्यंत कुणी आलं नाही. रात्रीच्या पाळीला पाहुणेच आहेत, म्हणून चारला तळ्याकाठी घरी आले. दमले. सौना, जेवण, झोप.

२७ एप्रिल, सोमवार
केळं मध्येच तुटलंय! शनिवारी साडेपाचपासून लाकडाचा धूर, वारा तळ्याकडून. आउलिक्की फोनवर किंचाळली, "त्या शेजाऱ्याला सांगितलं नव्हतंस?" केंद्राच्या नोंदवहीत लिहिलं — शेजारी तायस्तो, सौनेचा धूर. आणि तशीच त्याच्याकडे गेले.

कॉफी नाकारली. उभ्याउभ्याच बोलले. "शब्द मोडलात! तुमचं सगळं करून झालंय, माझं केंद्र बुडालं तरी तुम्हाला काय त्याचं?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. तो मासळीचं जाळं दुरुस्त करत होता. माझ्याकडे बघितलं, मग तळ्याच्या काठाकडे. म्हणाला, "पुन्हा नाही होणार."
म्हणजे कबूलच!
यापुढे शनिवारी मी केंद्रातच राहणार, पडद्यावर डोळा ठेवून.

१ मे
वसंताच्या सणाचा दिवस. दरवर्षी तायस्तो घरी आंबवलेल्या लिंबाच्या सरबताची बाटली माझ्या पायरीवर ठेवून जातो. आज पायरी रिकामी. दोनदा दार उघडून पाहिलं.

९ मे, शनिवार
अख्खं केळं! सकाळपासून रात्रीपर्यंत, कुठे डाग नाही. आउलिक्की म्हणाली, "केंद्र वाचलं, ऐला." मी हो म्हणून फोन ठेवला. हे सांगायला एकच माणूस होता, आणि त्याच्याशी मी बोलत नाही.

१७ मे, रविवार
पाहुणे काल गेले. जेवणघरात नऊ खुर्च्या तशाच ओढलेल्या.

अहवालासाठी तारखा हव्या होत्या, म्हणून ही वही चाळली. २५ एप्रिल. माझंच अक्षर — "दमले. सौना, जेवण, झोप."

तीनदा वाचलं. आठवतच नाही! शनिवार आला की हात आपसूक लाकडांकडे जातात. फलक मी रंगवला, नियम मी वाचले आणि धूर माझ्याच घरच्या सौनेचा. काखेत कळसा नि गावाला वळसा! आणि नोंदवहीत नाव त्या म्हाताऱ्याचं. पाच आठवडे थंड पाण्यानं अंग पुसलं असेल त्यानं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

१८ मे, सोमवार
गेले. दारातच सांगितलं — धूर माझा होता. नोंदवहीत तुमचं नाव खोडून माझं लिहिलंय.
"ठाऊक आहे," तायस्तो म्हणाला. "तुझं धुराडं दिसतं माझ्या खिडकीतून."
"मग बोलला का नाहीत!"
त्यानं दुसरा कप काढला, कॉफी ओतली.
"तुला काढून टाकलं असतं त्यांनी. मग या तळ्यावर उरलं कोण? मी आणि मासे."